समुद्रात पॅडलबोर्डिंगचा पहिला धडा: उभं राहणं सगळ्यात शेवटी

पॅडलबोर्डिंग म्हणजे लांब-रुंद बोर्डवर उभं राहून वल्हवत जायचं. त्याच्या पहिल्या धड्याला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एकच घाई असते, बोर्डवर उभं राहायची. पाण्यात शिरल्या शिरल्या उभं राहायचं, दोन मिनिटांत धपकन पडायचं, वल्हं हातातून सोडून द्यायचं आणि उरलेला वेळ धापा टाकत बोर्डवर परत चढण्यात घालवायचा. मग लोक म्हणतात, ‘माझा तोलच चांगला नाही.’ तोल बहुतेकांचा ठीकच असतो, क्रम चुकलेला असतो. शांत तळ्यात हा उलटा क्रम खपून जातो. समुद्रात वारा, लाटा आणि भरती-ओहोटी एकाच वेळी काम करत असतात, तिथे तो खपत नाही.

खालचे टप्पे दीड-दोन तासांच्या धड्यासाठी आहेत आणि सोबत प्रशिक्षक आहे असं धरून लिहिले आहेत. तुम्हाला खोल पाण्यात पोहता येतं हेही गृहीत धरलं आहे. येत नसेल तर आधी पोहणं शिका. लाइफ जॅकेट पोहण्याची जागा घेत नाही.

## १. धडा ठरवताना चार प्रश्न विचारा

एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? चार-पाचांच्या वर गेलं की समुद्रात सगळ्यांवर नजर ठेवणं अवघड होतं, कारण वारा प्रत्येकाला वेगळ्या बाजूला नेत असतो. त्यांनी पाण्यातल्या बचावाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का? वारा मध्येच वाढला तर धडा कसा आवरतात? आणि हवामान बिघडलं तर धडा रद्द होतो की ‘बघू, जाऊन येऊ’ होतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. जो प्रशिक्षक धडे रद्द करतो, तोच घ्यावा.

## २. वारा आणि पाणी वाचा

लाटा डोळ्यांना दिसतात म्हणून सगळे लाटांकडे बघतात. नवशिक्याला खरा त्रास वारा देतो. उभा माणूस वाऱ्यासाठी शीडच असतो, आणि त्याच्या पायाखालचा बोर्ड पाण्यात जेमतेम काही सेंटिमीटर बुडालेला असतो.

वेग. पहिल्या धड्यासाठी ताशी १५ किलोमीटर, म्हणजे साधारण ८ नॉटच्या आतला वारा हवा. अंदाजात सरासरी वेगाशेजारी झोतांचा वेगही दिलेला असतो, तोही पाहा. समुद्रावर जिकडेतिकडे पांढरा फेस दिसू लागला असेल, तर आकडे बघायचीही गरज नाही. तो दिवस तुमचा नाही.

दिशा. ही जास्त धोकादायक, कारण ती फसवते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर किनाऱ्यालगतचं पाणी अगदी गुळगुळीत दिसतं. झाडं, टेकड्या, इमारती वारा अडवतात आणि लाट उठायला तिथे अंतरच मिळत नाही. लोकांना वाटतं, वा, आज काय छान पाणी आहे! शंभर-दोनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो, वारा पाठीला धरतो आणि परतताना प्रत्येक हात त्याच्याविरुद्ध मारावा लागतो.

तपासायला सोपं आहे. समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा पाठीवर लागतोय? उतरू नका. चेहऱ्यावर लागतोय आणि मंद आहे? थोडं हलाल, पण तो तुम्हाला किनाऱ्याकडेच आणेल. गालावर लागतोय? मग आधी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जा आणि दमल्यावर वाऱ्यासोबत परत या. याच्या उलट केलं तर परतीचा प्रवास नेमका थकलेल्या हातांच्या वाट्याला येतो.

‘सकाळी समुद्र शांत असतो’ हे अर्धसत्य आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते बहुधा मंद असतात, पण त्यांची दिशा हीच फसवी दिशा. ऊन वर आल्यावर जमीन तापते, मधे थोडा वेळ वारा पडतो आणि दुपारकडे खारे वारे जोर धरतात. तो मधला पडता वेळ धड्यासाठी उत्तम.

भरती-ओहोटी. बऱ्याच किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास वेळ जातो, पण पाणी सारख्या वेगाने सरकत नाही. मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी हलून जातं, म्हणजे ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ती आणखी वाढते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, ते नवशिक्यासाठी बरे. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी कधीही उतरू नका.

> सावध: फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एखादा पट्टा गडद आणि शांत दिसत असेल, तर ती आत जायची सोपी वाट समजू नका. बहुधा तिथूनच पाणी परत समुद्रात ओढलं जात असतं.

> सावध: गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा उतरायचं नाही.

## ३. सामान स्वतः तपासा

प्रशिक्षक तपासतोच, तरी तुम्हीही तपासा. पुढच्या वेळी उपयोगी पडतं.

बोर्ड. लांबी १० ते ११ फूट आणि रुंदी ३२ इंचांच्या आसपास. ३० इंचांपेक्षा अरुंद बोर्ड कुणी ‘चालेल’ म्हणून दिला तर बदलून मागा. हवेचा बोर्ड असेल तर त्यात किती हवा आहे ते विचारा. बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लागते, नेमका आकडा बोर्डवर छापलेला असतो. हातपंपाने भरताना सुरुवातीला बराच वेळ काटा शून्यावरच राहतो. पंप बिघडलाय असं समजून लोक तिथेच थांबतात आणि असा बोर्ड पाण्यात गेल्यावर मधोमध खचतो. त्यावर कुणालाच तोल सांभाळता येणार नाही. उलट, पूर्ण भरलेला बोर्ड तापल्या वाळूवर ठेवू नका. आतली हवा प्रसरण पावते.

फिन. बोर्डच्या तळाला, शेपटाकडे बसवलेला माशाच्या परासारखा तुकडा. त्याचं वाकलेलं टोक मागे झुकलेलं हवं. तो नीट अडकलाय ना, हलवून बघा. वाळूवर बोर्ड ठेवताना फिन वर ठेवा.

लीश. बोर्ड आणि पाय यांना जोडणारी दोरी. समुद्रात हिच्याशिवाय उतरायचंच नाही. पडल्यावर वारा बोर्डला जितक्या वेगाने नेतो, तितक्या वेगाने भलेभले पोहू शकत नाहीत. वेल्क्रोत वाळू अडकली तर ते धरत नाही, म्हणून आधी झटकून घ्या. घोट्याभोवती घट्ट बांधा आणि दोरी पायाच्या मागच्या बाजूला येईल असं बघा. जोरात वाहतं पाणी, नांगरलेल्या बोटी किंवा जाळी असलेल्या जागी मात्र घोट्याची लीश अडकू शकते. पहिला धडा अशा जागी नसावाच.

लाइफ जॅकेट. पट्टे ओढल्यावर खांद्याला धरून वर उचला. हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे.

वल्हं. तुमच्या उंचीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर लांब. वल्हं उभं धरा आणि हात सरळ वर करा, वरची मूठ मनगटापाशी यायला हवी.

कपडे हवेकडे बघून नव्हे, पाण्याच्या तापमानाकडे बघून ठरवा, कारण पडणार तुम्ही पाण्यात. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा, ऊब टिकवणारा रबरी पोशाख) हवाच. अचानक थंड पाण्यात पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर नाकातोंडात पाणी जातं. चष्म्याला मागून दोरी लावा. फोन न्यायचा तर जलरोधक पिशवीत घालून अंगावर बांधा. बोर्डवर ठेवलेला फोन तुम्ही आणि बोर्ड वेगळे झालात की नेमका कामाच्या वेळी दूर जातो.

सनस्क्रीन अर्धा तास आधी लावा, पण तळपायांना नको, आणि लावून झाल्यावर तळहात पुसून घ्या. बोर्डच्या पृष्ठभागाला ते लागलं की दिवसभर निसरडं राहतं. कुणीतरी आधी लावून ठेवलेलं असतं, पडता तुम्ही.

## ४. वाळूवरची पंधरा मिनिटं

हा भाग लोक टंगळमंगळ करत काढतात. पाण्यात ज्या हालचाली करताना डोकं काम करत नाही, त्या इथेच हाडात मुरवायच्या असतात. फिन काढून ठेवा किंवा त्याच्यासाठी वाळूत खड्डा करा.

आधी वल्ह्याची दिशा. पातं दांड्यापासून थोडं वाकलेलं असतं. तो वाक पुढच्या बाजूला, बोर्डच्या नाकाकडे झुकलेला हवा. जवळपास सगळे सुरुवातीला उलटं धरतात, कारण चमच्यासारखं पाणी ओढायचं असेल असं वाटतं. पात्यावरचा ब्रँडचा छाप बहुधा पुढच्या बाजूला असतो, तो बघा.

मग हातांची जागा. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर. वल्हं आडवं करून डोक्यावर ठेवा. दोन्ही कोपर काटकोनात आले की अंतर बरोबर. खालचा हात फार वर घेतला तर वल्ह्याला जोर लागत नाही.

शेवटी उठण्याची तालीम. बोर्डच्या मधोमध उचलायची मूठ असते, तिथे बोर्डचा समतोल साधतो. तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेका. वल्हं समोर आडवं ठेवून दोन्ही तळहात त्यावर टेका. एक पाय गुडघ्याच्या जागी आणा, मग दुसरा. नजर वर, मग छाती वर, मग पाय सरळ. पाच-सहा वेळा करा, डोळे खाली न जाता.

> तपासा: पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षकासोबत खुणा ठरवा. ‘ठीक आहे’, ‘परत चला’, ‘मदत हवी’. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असू द्या.

## ५. पाण्यात शिरणं

बोर्ड काखेत घेऊन चालताना नाक वाऱ्याकडे ठेवा. आडवा धरला तर वारा तो फिरवतो आणि शेजारच्याला लागतो.

पाणी गुडघ्याच्या वर येईपर्यंत चालत जा, म्हणजे फिन तळाला आपटणार नाही. पावलं उचलून टाकण्याऐवजी घासत न्या. वाळूत दडलेले, शेपटीत विषारी काटा असलेले स्टिंगरे मासे त्याने बाजूला होतात.

इथे दुखापती सहज होतात, म्हणून थोडं थांबून वाचा. बोर्ड कधीही लाट आणि तुमचं शरीर यांच्या मधे आडवा येऊ द्यायचा नाही. गुडघाभर पाण्यातली लहानशी लाटसुद्धा आडव्या बोर्डला पोटात किंवा गुडघ्यांवर आणून आदळते. बोर्डचं नाक सरळ लाटेकडे, तुम्ही बोर्डच्या बाजूला, एक हात मधल्या मुठीवर. लाट आली की बोर्ड तिच्यावर चढू द्या, अडवायला जाऊ नका.

लाटा गटागटाने येतात. दोन-तीन गट नुसते बघा. दोन गटांमधे शांत वेळ मिळाला की चढा आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यातून गुडघ्यांवरूनच बाहेर पडा. पहिल्या धड्याला गुडघ्याहून उंच लाटा फुटत असतील तर दिवस बदला.

## ६. गुडघ्यांवर, कंटाळा येईपर्यंत

इथे किमान पंधरा मिनिटं द्या. गुडघ्यांवर असताना वल्ह्यावरचा वरचा हात मूठ सोडून दांड्यावर खाली आणा, नाहीतर खांदे भरून येतात.

बोर्डकडे बघा. नाक पाण्यात घुसतंय? एक वीत मागे सरका. शेपूट बुडून पाणी खळखळतंय? पुढे सरका. बोर्ड सपाट चालला पाहिजे. ही जागा लक्षात ठेवा, नंतर पाय इथेच येणार आहेत.

सरळ जा, थांबा, वळा, मागे या. थांबायला पातं कमरेशेजारी पाण्यात रोवायचं. वळायला ते पुढे टाकून बोर्डपासून लांब, मोठा अर्धगोल काढत शेपटापर्यंत आणायचं. उजवीकडून असं केलं की नाक डावीकडे वळतं. वाऱ्याविरुद्ध जाता येतंय का, हे इथेच आजमावा. गुडघ्यांवरून जमत नसेल तर उभं राहून मुळीच जमणार नाही, आणि मग आज उभं राहायचंच नाही.

## ७. मुद्दाम पडा

हा टप्पा बहुतेक धड्यांत गाळला जातो, आणि माझ्या मते धड्यातला हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे. पडण्याची भीती गेली की गुडघे आपोआप सैल होतात. गुडघे सैल झाले की तोल येतो.

छातीभर किंवा त्याहून खोल पाण्यात जा आणि गुडघ्यांवरून बाजूला पडा. बोर्डपासून लांब, अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर. डोकं खाली करून सूर मारायचा नाही आणि पाय ताठ करून उडीही मारायची नाही. तळ किती खोल आहे ते वरून कळत नाही. वर येताना एक हात डोक्यावर धरा, कारण बोर्ड नेमका तिथे असू शकतो.

वर आल्यावर आधी बोर्ड, मग वल्हं. लीश ओढा, बोर्डला धरा, त्यावर पोट टेकून हाताने पाणी मारत वल्ह्याकडे जा. लोक वल्ह्याच्या मागे पोहतात आणि लीशने बांधलेला बोर्ड पायाशी ओढत नेतात. त्यात दमतात.

परत चढणं. बोर्डच्या मध्यावर, बाजूने या. वल्हं बोर्डवर ठेवा. एक हात मधल्या मुठीवर, दुसरा जवळच्या कडेवर. आता हातांनी वर ओढायला जाऊ नका. तसं केलं की पाय बोर्डखाली जातात, बोर्ड तुमच्यावर उलटतो आणि जॅकेटचा पुढचा भाग कडेला अडकून बसतो. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येऊ द्या, जोरात लाथा मारा, आणि अंग आडवं झालं की त्याच झोकात छाती बोर्डवर सरकवा. हनुवटी पलीकडच्या कडेपर्यंत गेली की मग पाय फिरवा. जमत नसेल तर शेपटाकडून चढा. तिथे बोर्ड खाली दबतो, फक्त फिनपासून पाय सांभाळा.

> तपासा: मदतीशिवाय, पाय तळाला न टेकवता, तीनदा चढता आलं का? नसेल तर आठवा टप्पा पुढच्या धड्याला.

## ८. आता उभे राहा

बोर्डचं नाक लाटांकडे ठेवा. थोडा वेग घ्या, कारण चालता बोर्ड थांबलेल्यापेक्षा स्थिर असतो. मग वाळूवर केलं तसंच: हात टेकलेले, एक पाय, दुसरा पाय, नजर वर.

पाय खांद्यांइतके लांब, समांतर, बोटं पुढे, मुठीच्या दोन्ही बाजूंना. सर्फिंगची चित्रं बघून आलेले लोक एक पाय पुढे टाकून आडवे उभे राहतात. इथे ते चालत नाही. गुडघे किंचित वाकलेले, नजर क्षितिजावर. पायांकडे बघितलं की डोकं पुढे येतं, डोक्यामागे खांदे येतात आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

उभं राहिल्यावर पहिलं काम, पातं पाण्यात घाला. हवेत धरलेलं वल्हं काहीच आधार देत नाही. पाण्यात रोवलेलं पातं तिसरा पाय होतं. डगमगल्यावर हात पसरण्याची ऊर्मी येते, तेव्हा उलट एक हात मारा.

तळपायांना मुंग्या आल्या तर समजा की बोटांनी बोर्ड पकडून ठेवताय. बोटं एकेक करून उचला, टाचांवर भार द्या, नाहीतर दोन मिनिटं खाली बसा.

## ९. वल्हवणं

पातं पुढे, पायाच्या अंगठ्याच्या बऱ्याच पुढे, पूर्ण बुडवा. मग घोट्यापर्यंत ओढा आणि बाहेर काढा. घोट्याच्या मागे ओढत राहिलात तर पातं पाणी वर उचलतं आणि बोर्ड वळतो. वरचा हात बोर्डच्या बाहेर, पाण्यावर यायला हवा, म्हणजे दांडा उभा राहतो आणि बोर्ड सरळ जातो. बाजू बदलताना हातांची जागाही बदला. वरचा हात खाली, खालचा मुठीवर. चार-पाच हातांनी बाजू बदलत राहा.

दंड दुखायला लागले तर ओढण्याचं काम हात करतायत. पातं रोवा आणि कंबर व खांदे फिरवून बोर्ड पात्याजवळ आणा.

## १०. वारा वाढला तर

वाट बघत बसू नका, लगेच गुडघ्यांवर या. तरीही पुढे सरकत नसाल तर पालथे झोपा, वल्ह्याची मूठ पुढे करून दांडा छातीखाली दाबा, पातं पायांकडे जाईल, आणि दोन्ही हातांनी पाणी मारा. ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध न झगडता किनाऱ्याला समांतर जा आणि ती सुटल्यावर किनाऱ्याकडे वळा.

काहीच जमत नसेल तर बोर्डवरच राहा. बोर्ड सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटणं ही या खेळातली सगळ्यात जिवावर बेतणारी चूक आहे. बोर्ड तरंगतो, लांबून दिसतो आणि अंग पाण्याबाहेर ठेवतो. शिट्टी वाजवा. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहा. संकटाची ही खूण समुद्रावर सगळीकडे ओळखली जाते.

## ११. बाहेर येणं

दमलेले असता, किनारा समोर दिसतो आणि लक्ष सुटतं. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेरच गुडघ्यांवर या, मागे वळून बघा, मोठा गट जाऊ द्या आणि मग सरळ किनाऱ्याकडे निघा. फिन तळाला टेकण्याआधी, गुडघाभर पाण्यात बाजूने सावकाश उतरा. बोर्डला मुठीने धरून चालत बाहेर काढा. तुम्ही त्याच्या पुढे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, चालू नका. मागून आलेली लाट तो पोटऱ्यांवर आणून आपटते. लीश पूर्ण बाहेर आल्यावरच सोडायची.

बोर्ड, फिनची खाच आणि लीशचं वेल्क्रो गोड्या पाण्याने धुऊन टाका.

धडा छान झाला की दुसऱ्या दिवशी भाड्याने बोर्ड घेऊन आपलं आपण जायची लोकांना घाई होते. त्याआधी प्रशिक्षकासमोर एवढं करून दाखवा: खोल पाण्यात मदतीशिवाय परत चढणं, गुडघ्यांवरून वाऱ्याविरुद्ध दोनशे मीटर न थांबता जाणं, आणि त्या दिवशीचा वारा व भरतीची वेळ बघून ‘आज जायचं की नाही’ हे प्रशिक्षकाने सांगण्याआधी स्वतः सांगणं. तिन्ही जमेपर्यंत धडेच घेत राहा, आणि जमल्यावरही सोबतीला कुणीतरी असू द्या.